ब्रेकनजवळ तीन दिवस: पेन अ व्हान, मेल्ते नदीचे धबधबे आणि सोबत आईबाबा. वाटा कशा आखाव्यात?

रानवारा

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवार-रविवार-सोमवारी दक्षिण वेल्समध्ये ब्रेकन गावात मुक्काम ठरला आहे. आम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि पुण्याहून आलेले आईबाबा (६६ आणि ७०). आम्हा दोघांना सह्याद्रीची सवय आहे, मुलगी लोहगड आणि राजमाची चढलेली आहे. बाबा रोज पाच किमी चालतात. आईचे गुडघे उतारावर दुखतात. गाडी आहे.

डोक्यात आहे ते असं: एक दिवस पेन अ व्हान, एक दिवस ज्याच्या मागून चालता येतं तो धबधबा, आणि एक दिवस नदीकाठी निवांत, जमलं तर मुलीला पाण्यात उतरू द्यायचं. प्रश्न:

पेन अ व्हान ८८६ मीटर, म्हणजे लोहगडापेक्षाही कमी. तरी जो तो सांभाळून जा म्हणतो, ते नेमकं कशामुळे? कोणती वाट घ्यावी आणि वेळ किती धरावा? धबधब्यामागून मुलीला नेणं बरोबर आहे का? आईला काय काय जमेल? पाँचो आणि नेहमीचे ट्रेकिंगचे बूट आहेत, आणखी काय लागेल? आणि नकाशावरची नावं वाचायची कशी, तेही कुणी सांगा.

---

होकायंत्र

उंचीच्या आकड्यावर जाऊ नका. सह्याद्रीत धो धो पावसात भिजलात तरी हवा बावीस-चोवीस अंशांची असते, भिजणं ही गंमत असते. इथे दर दीडशे मीटरला साधारण एक अंश तापमान उतरतं. ब्रेकन गाव १४० मीटरच्या आसपास आहे. गावात ११ अंश असतील तर माथ्यावर ६, आणि त्यात ताशी ३० मैलांचा वारा असला की अंगाला शून्याच्या जवळपास जाणवतं. माथ्यावर आडोसा नाही, झाड नाही. त्यातून ओल्या कपड्यांत मूल दहा मिनिटं थांबलं तरी कुडकुडायला लागतं. सांभाळून जा म्हणतात ते यासाठी.

म्हणून पहिला नियम: कोणत्या दिवशी काय हे आत्ता ठरवू नका. हवामान खात्याचा डोंगरांसाठी वेगळा अंदाज निघतो, त्यात या डोंगररांगेचं स्वतंत्र पान असतं. आदल्या संध्याकाळी ते बघा. त्यात पाऊस नंतर बघा, आधी माथ्यावरच्या वाऱ्याचे झोत बघा. झोत ताशी ४० मैलांच्या पुढे असतील तर आईबाबा आणि मुलीला घेऊन वर जाऊ नका, त्या दिवशी धबधबे करा. दरीत झाडी आहे, तिथे वारा लागत नाही. तीन दिवसांतला सगळ्यात शांत दिवस डोंगराला द्यायचा.

वाट: ए४७० रस्त्यावर पाँट आर दाव्हचा वाहनतळ आहे, ब्रेकनहून वीस मिनिटं. तिथून वर जाणारी वाट सगळ्यात सोपी. सुरुवातीला ओढ्यावरचा छोटा पूल, मग फरसबंदी केलेली रुंद चढण, बुल्ख डीविंट नावाची खिंड, आणि तिथून कॉर्न डी या शिखराच्या (८७३ मीटर) कुशीतून पेन अ व्हान. जाऊन-येऊन साडेसहा किमीच्या आसपास. थोडं पुढे स्टोरी आर्म्सहून निघणारी वाट दिसायला छान आहे, पण ती मधल्या खांद्यावर चढून एका ओढ्यापर्यंत पुन्हा उतरते. चढलेली उंची गमवायची आणि परतताना दमलेल्या पायांनी तोच चढ पुन्हा चढायचा. आईच्या गुडघ्यांसाठी ती नको.

वेळेचं गणित नेस्मिथच्या १८९२ सालच्या नियमाने करा: दर पाच किमीला एक तास, अधिक दर ६०० मीटर चढाला एक तास. वाहनतळ साधारण ४४० मीटरवर आहे. एका बाजूचे ३.२ किमी म्हणजे ३८ मिनिटं, साडेचारशे मीटर चढ म्हणजे ४५. झाले ८३. हा हिशोब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. तुमच्या पाच जणांसाठी दीडपट धरा: चढायला दोन तास पाच मिनिटं, उतरायला दीड तास, वर खाणं-फोटो मिळून चार तासांच्या पुढेच जाईल. सकाळी साडेआठला गाडी लावा. शनिवार-रविवारी नऊनंतर जागा मिळत नाही, आणि रस्त्याच्या कडेला गवतात लावलेल्या गाड्यांना दंड होतो. टी४ बस ब्रेकनहून स्टोरी आर्म्सला थांबते, पण रविवारच्या फेऱ्या आधी तपासा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास मागे जातं. शनिवारी सूर्य सहाच्या सुमारास मावळेल, रविवारी पाच वाजायच्या आत. शनिवारचा अंदाज मनात धरून रविवारी दुपारी दोनला चढायला लागलात तर उतरताना अंधार ठरलेला. प्रत्येकाकडे डोक्याचा दिवा हवा. फोनच्या उजेडावर उतरू नका, फोनची बॅटरी नकाशाला आणि मदतीच्या फोनला राखून ठेवा.

धुक्याबद्दल. माथा सपाट आहे आणि त्याची उत्तरेची बाजू तुटलेला कडा आहे. हिमनदीने कोरलेला, उभा. वर पोचेपर्यंत वाट इतकी मळलेली असते की नकाशा कुणी काढतच नाही. मग फोटो काढताना माणसं दोनदा वळतात आणि परतीला समोर दिसेल ती पायवाट धरतात. ती पूर्वेला क्रिबिन या शेजारच्या शिखराकडे जाणारी निघाली, तर तासाभराने तुम्ही भलत्याच दरीत असता आणि गाडी डोंगराच्या पलीकडे. म्हणून माथ्यावरच्या फलकाशी उभं राहून होकायंत्र काढा. कॉर्न डीची दिशा साधारण २४० अंश, म्हणजे नैऋत्य-पश्चिम, अंतर जेमतेम सहाशे मीटर. क्रिबिन १०५ अंशांवर, जवळजवळ पूर्वेला. निघाल्यावर शंभर पावलांनी सुई पुन्हा बघा. उत्तरेचा कडा उजव्या हाताला राहिला पाहिजे, डाव्या हाताला लागला तर थांबा आणि उलटे फिरा.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा (ब्रिटनची सरकारी नकाशा संस्था) एक्सप्लोरर ओएल १२, १:२५,०००. फोनवर उतरवून घ्या आणि कागदी प्रतही ठेवा.

नॉयआदच्या जुन्या धरणाकडून निघून कॉर्न डी, पेन अ व्हान, क्रिबिन आणि फान अ बिग असा घोड्याच्या नालेसारखा फेरा आहे, सोळा किमीच्या आसपास. फार सुंदर आहे, पण ऑक्टोबरअखेरीच्या दिवसात या गटाला नको. तुम्ही दोघंच पुन्हा मे-जूनमध्ये या.

---

पाणवठा

धबधब्यांचं मी सांगते. अस्त्रादव्हेल्ते आणि पाँटनेदव्हेखन या दोन गावांच्या मध्ये मेल्ते आणि हेप्स्टे या नद्यांवर चार धबधबे आहेत: स्गुद क्लिन-ग्विन, त्याच्या खालचा इसाव्ह क्लिन-ग्विन, स्गुद अ पान्नुर, आणि हेप्स्टेवरचा स्गुद अर एइरा. मागून चालता येतं तो हा शेवटचा.

गाडी ग्वाइन हेप्स्टेच्या किंवा कुम पोर्थच्या वाहनतळावर लावा. ब्रेकनहून पाऊण तास धरा, शेवटचा रस्ता एका गाडीपुरता आहे, समोरून कुणी आलं तर रुंद जागेपर्यंत मागे घ्यावं लागतं. चारही धबधबे मिळून आठ किमीच्या आसपास होतात. अंतर बघून दोन तासांत आटपेल असं वाटतं, पण चार तास ठेवा. कारण मुख्य वाट दरीच्या वरच्या अंगाने जाते आणि प्रत्येक धबधब्यासाठी खाली उतरून पुन्हा वर यावं लागतं. मधल्या दोघांकडे उतरणारी वाट सगळ्यात वाईट: झाडांची मुळं, चिखल आणि घसरडे दगड. दमलेली मुलं इथे पडतात. तुम्ही मधले दोन सोडून पहिला आणि शेवटचा केलात तरी काही चुकल्यासारखं वाटणार नाही.

स्गुद अर एइराकडे शेवटचा उतार लांबलचक पायऱ्यांचा आहे. खाली पोचलं की डाव्या-उजव्या काठाच्या खडकाकडे नीट बघा, धबधबा असा का आहे ते समजतं. वर कठीण वालुकाश्माचा जाड थर आहे, त्याखाली मऊ शेल. शेल म्हणजे पानापानांचा, नखाने सुटेल असा काळसर दगड. पाण्याच्या तुषारांनी आणि थंडीने शेल आतून झिजत जातो, वरचा वालुकाश्म छपरासारखा पुढे राहतो, आणि पाणी त्या छपरावरून मोकळं पडतं. मधल्या पोकळीत पायवाट. ही वाट हौशी लोकांनी पाडलेली नाही, शेतकरी पूर्वी मेंढ्या यावरूनच पलीकडे नेत.

मुलीला न्यायचं की नाही? नदी साधी असेल तर न्या, या अटींवर. मोठ्या माणसाने बाहेरच्या, म्हणजे पाण्याच्या बाजूला चालायचं, मुलीने आतल्या भिंतीला धरून. छत्री, पाँचो, पाठीवर लोंबणारं काहीही नको. दगडावर हिरवी चकाकी दिसली तर तिथे पाय टाकू नका, खडबडीत कोरडा भाग शोधा. मागे उभं राहून फोटोसाठी वेळ घालवू नका, वरच्या छपरातून अधूनमधून दगड सुटतात. आणि वाट बंद असल्याची पाटी असेल तर तिथूनच मागे फिरा.

आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर मागे जाण्याचा विचार सोडा. नदी फुगली की पडद्याचं पाणी वाटेवर येतं आणि आवाज इतका होतो की दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. खूण एकच: पाणी चहाच्या रंगाचं पण पारदर्शक असेल तर ठीक, तो रंग वरच्या दलदलीतल्या पीटचा, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीचा असतो. तपकिरी, गढूळ आणि फांद्या वाहून आणणारं असेल तर काठावरूनच बघायचं.

कुम पोर्थला गाडी लावलीत तर पोर्थ अर ओगोव्ह दोन-चार मिनिटांवर आहे. वेल्समधलं सगळ्यात रुंद गुहामुख. अख्खी मेल्ते नदी त्यात शिरते आणि काही अंतर चुनखडीच्या पोटातून जाऊन पुढे बाहेर येते. कोरड्या दिवसांत वरचं जुनं पात्र नुसतं दगडांचं पडलेलं असतं. मुखापर्यंत जाऊन बघा, आत जाऊ नका. नदी जिथे बाहेर येते तो डोह वरून संथ दिसतो, पण आत पाण्याखाली कपारी आहेत आणि तिथे कसलेले गुहाशोधकही बुडालेले आहेत.

पोहण्याबद्दल: नको. ऑक्टोबरमध्ये पाणी दहा-बारा अंशांचं असतं. अशा पाण्यात अचानक उतरलं की श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यात पाणी फुप्फुसात जातं. चांगलं पोहता येणारेही यानेच बुडतात. शिवाय इथे नदीत उतरण्याचा सर्वांना सरसकट हक्क नाही, काठाच्या जमिनीला मालक असतो. मुलीला गमबूट घाला आणि उथळ ओढ्यात दगड रचू द्या, तेवढं पुरतं.

---

कालवाकाठ

आईबाबांसाठी तीन जागा, सोपीपासून कठीणकडे.

ब्रेकन गावातूनच मॉनमथशर-ब्रेकन कालवा सुरू होतो. घोड्यांनी नावा ओढायची काठावरची वाट आहे, पूर्ण सपाट. अस्क नदी बाजूला वाहते. हवं तिथून परत फिरता येतं, गुडघ्यांना याहून चांगलं काही नाही. पाऊस झाला तर वाट घसरडी होते, आईंना पाण्यापासून आतल्या बाजूने चालवा.

दुसरं लँगॉर्सचं तळं, दक्षिण वेल्समधलं सगळ्यात मोठं नैसर्गिक तळं. काठाजवळ झाडांनी भरलेलं एक छोटं बेट दिसतं, ते माणसाने लाकूड आणि दगड टाकून बांधलेलं आहे, नवव्या शतकाच्या अखेरीस, आणि ९१६ साली मर्सिया या इंग्लिश राज्याच्या सैन्याने ते जाळलं. मुलीला गोष्ट सांगायला छान. काठची कुरणं मात्र पावसानंतर पाणथळ होतात, बूट हवेतच.

तिसरं पाँटनेदव्हेखनहून स्गुद ग्लादिस हा धबधबा. नेद व्हेखन नदीच्या काठाने वाट आहे, पूर्वी सिलिकाचे दगड वाहणाऱ्या छोट्या रुळांची, म्हणून बरीचशी सपाट. एका बाजूला दोन-अडीच किमी. शेवटचा टप्पा खडबडीत आहे, तिथे काठी लागेल. आई दमल्या तर मध्ये बसायला जागा आहेत आणि परतीला चढ नाही. बाकीचे स्गुद अर एइराला गेलेले असताना दोघं इथे आरामात दोन तास घालवू शकतात. फक्त वेळ आणि भेटायची जागा आधी घट्ट ठरवा, त्या दरीत फोनला रेंज नसते.

हेनरिदचा धबधबा (२७ मीटर, या भागातला सर्वांत उंच) वाहनतळापासून जवळ म्हणून लोक सुचवतील. अंतर खरंच कमी आहे, पण उभा उतार आणि तितकाच उभा परतीचा चढ. आईंना तिथे नेऊ नका.

---

घसारा

पाँचो घरी ठेवा. सह्याद्रीत चालतो कारण पाऊस सरळ खाली पडतो. इथे तो आडवा येतो, पाँचो डोक्यावर उलटतो आणि कड्याजवळ समोरचं दिसत नाही. प्रत्येकाला टोपीचं जलरोधक जाकीट आणि वरून चढवायची जलरोधक पँट. पँटच्या पायाला खालून चेन असेल तर बूट न काढता घालता येते. आत लोकर किंवा पॉलिस्टर. सुती बनियन, जीन्स अजिबात नको: सूत भिजलं की तासन् तास ओलं राहतं आणि अंगातली ऊब शोषून घेतं. आईंना शालीऐवजी फ्लीस द्या, वरून जाकीट बसलं पाहिजे.

प्रत्येकी हातमोज्यांचे दोन जोड, कारण पहिला जोड पहिल्या अर्ध्या तासात भिजतो. मुलीचा एक पूर्ण कोरडा कपड्यांचा संच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पिशवीच्या तळाशी. पाठपिशवीवरचं आवरण वाऱ्यात उडतं, त्यापेक्षा आतून जाड पिशवी लावा. बुटाचा तळ बघा: खाचा चार-पाच मिलिमीटर खोल आणि रबर मऊ हवं. नखाने दाबून दबत नसेल असं जुनं कडक रबर ओल्या दगडावर साबणासारखं सरकतं. आईंना चालायच्या दोन काठ्या, उतारावर थोड्या लांब करून.

खायला चिक्की, लाडू, खारे दाणे. गरम चहाचा थर्मास. थांबायच्या आधी जाकीट घाला, थंडी वाजल्यावर नव्हे. कुणी अडखळत बोलायला लागलं, गप्प झालं, बोटांनी चेन लावता येईना, तर वर चढणं तिथेच संपलं: कोरडे कपडे, गोड खाणं आणि खाली.

घरी गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला गोचीड बघा. नेच्यांच्या झुडपांतून लागते, ऑक्टोबरमध्येही. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल, चुना, काडीचा चटका काही नाही. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल वर्तुळ पसरलं तर डॉक्टरांना दाखवा.

---

बुल्खवाला

नावांची चावी हाती आली की नकाशा आपसूक बोलायला लागतो, कारण वेल्श नावं आपल्या घाटवाटांच्या नावांसारखीच जागेचं वर्णन करतात. पेन म्हणजे डोकं, माथा. बुल्ख म्हणजे खिंड. कुम म्हणजे दरी, उंच डोंगरात बहुधा हिमनदीने वाटीसारखी कोरलेली, सह्याद्रीत तिला जोड नाही. ल्हिन तळं, आव्हॉन नदी, नांट ओढा, स्गुद आणि रायादर धबधबा, क्राइग कातळ, क्रिब म्हणजे धारेसारखी सोंड. डी काळा, ग्विन पांढरा, कोख तांबडा. कॉर्न डी म्हणजे काळं शिंग. बुल्ख डीविंट म्हणजे काळ्या वाऱ्याची खिंड, आणि पाँट आर दाव्हहून चढताना पहिला खरा वारा तिथेच अंगावर येतो, जाकीट खिंडीच्या आधी घाला. स्गुद अर एइरा म्हणजे हिमाचा धबधबा.

उच्चार: एक एफ म्हणजे व्ह, दोन एफ म्हणजे फ. डब्ल्यू बहुधा उ. दोन डी म्हणजे द आणि ध यांच्या मधला मऊ आवाज. दोन एल साठी जीभ ल च्या जागी ठेवून दोन्ही बाजूंनी हवा सोडा, इथे ल्ह लिहिलंय. शब्दाचं पहिलं अक्षर वाक्यात बदलतं, म्हणून बान (शिखर) चं पेन अ व्हान होतं आणि अनेकवचनी बानाय. राष्ट्रीय उद्यानाने एप्रिल २०२३ पासून बानाय ब्रखेइन्योग हेच नाव धरलं आहे, जुन्या नकाशावर ब्रेकन बीकन्स असेल.

पाट्यांवरचे तीन शब्द पाठ करा: पेरिग्ल म्हणजे धोका, ल्हुइबर म्हणजे पायवाट, आर गाय म्हणजे बंद. रस्त्यावर अराव्ह लिहिलेलं दिसेल, हळू.

फाटकं जशी मिळाली तशी ठेवा. उघडं असेल तर उघडंच, मेंढ्या पाण्यावर जात असतात.

---

रानवारा

खूप खूप आभार. शनिवारी की रविवारी ते आता अंदाज बघूनच. मधले दोन धबधबे सोडले, पोहणं रद्द, पाँचो रद्द. शेवटचं एक: वर कुणाचा पाय मुरगळला तर मदत नेमकी कशी मागायची?

---

होकायंत्र

९९९ किंवा ११२. आधी पोलीस मागायचे, मग त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. थेट रुग्णवाहिका मागितली तर माहिती फिरत बसते. पथकं स्वयंसेवकांची आहेत, पैसे घेत नाहीत, तेव्हा संकोचाने उशीर करू नका. अंधार पडायच्या दोन तास आधी केलेला फोन सगळ्यांना सोपा जातो.

सांगायचं या क्रमाने: जागा, किती जण, काय झालं, वय, अंगावर काय कपडे आहेत. जागा ग्रिड आकड्यांत द्या, ॲपमधली तीन शब्दांत सांगायची जागा फोनवर चुकीची ऐकू येते. पेन अ व्हानचा माथा एसओ ०१२ २१६: दोन अक्षरं चौकोनाची, पहिले तीन आकडे पूर्वेकडे, पुढचे तीन उत्तरेकडे. ऑर्डनन्स सर्व्हेच्या ॲपमध्ये तुम्ही उभे आहात तिथले आकडे दिसतात, आज घरी एकदा काढून बघा. आणि आजच ९९९ ला इंग्रजीत रजिस्टर हा शब्द संदेशाने पाठवून उत्तरातल्या सूचना पुऱ्या करा. मग रेंज अर्धवट असेल तेव्हा संदेशानेही मदत मागता येते, नोंदणीशिवाय नाही.

रेंज नसेल तर शिट्टी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट गप्प, पुन्हा सहा. अंधारात दिव्यानेही तसंच. उत्तर तीनदा येतं. उत्तर आलं म्हणून थांबवू नका, माणसं दिसेपर्यंत वाजवत राहा, ती आवाजावरच चालत येतात.

मुलीच्या गळ्यात एक शिट्टी अडकवा आणि चुकलीस तर हलायचं नाही हे शिकवा. कॉर्न डीजवळ ल्हिन कुम ल्हूखच्या वरच्या धारेवर एक दगडी खांब आहे. १९०० साली टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा संध्याकाळी खालच्या दरीत वाट चुकला आणि परत वडिलांकडे जाण्याऐवजी डोंगर चढत गेला. २९ दिवसांनी तो तिथे सापडला.